फूल कामात आहे

बाईंच्या नाकाचा शेंडा कायम पिवळा असायचा. नव्या माणसाला वाटायचं, हळद लागलीय, कुठल्या तरी लग्नाहून आल्यात. लग्न कसलं! सकाळी उठून दिसेल त्या फुलात नाक खुपसायचं, हा त्यांचा चहाच्याही आधीचा उद्योग. नाकाला पराग लागायचे ते पुसायच्याही नाहीत. मी आरसा समोर धरला तर म्हणायच्या, "असू दे गं. त्याला जिथे उतरायचं तिथे उतरेल." पराग म्हणजे जसा काही शेअर रिक्षातला पाशिंजर.

बाई म्हणजे आमच्या भाडेकरू. मुंबईच्या कॉलेजात जन्मभर वनस्पतीशास्त्र शिकवलं, रिटायर झाल्या आणि उमेळ्याला आमच्या ओटीलगतच्या खोलीत राहायला आल्या. मूळच्या राजोडीकडच्या, ख्रिस्ती. लग्न केलेलं नव्हतं. भावांनी जागा विकून बिल्डिंगीत फ्लॅट घेतले, त्यात बहिणीलाही एक खोली ठेवली होती. "पण खिडकीतून नुसत्या पाण्याच्या टाक्या दिसतात गं," म्हणाल्या, "आणि टाकीला फुलं येत नाहीत."

आमच्याकडे खोली बघायला आल्या तेव्हा त्यांनी खोली बघितलीच नाही. मागच्या दारानं सरळ वाडीत शिरल्या. वाडी म्हणजे आमच्याकडे घरामागची बाग. केळी, मोगऱ्याचे वाफे, जास्वंदीची रांग, थोडा भाजीपाला आणि विहिरीपलीकडे माझा सोनचाफा. सगळीकडे फिरून, साडीला कुसळं लावून परत आल्या आणि म्हणाल्या, "राहते."

आमचे हे म्हणाले, "अहो बाई, खोली तर बघा. गळते ती."

"गळू दे. माझ्याकडे छत्री आहे."

ती छत्री! पावसात ती कुणी उघडलेली बघितली नाही. पण चांगल्या उन्हात बाई ती झाडाखाली उलटी धरायच्या, वरची फांदी हलवायच्या आणि छत्रीत काय पडलं ते तासन् तास बघत बसायच्या. बारके भुंगे, मुंग्या, कोळी, कसल्या कसल्या अळ्या. बघून झालं की परत झाडावर सोडायच्या, "जा, आपापल्या घरी जा," असं सांगून. गळ्यात काळा दोरा, त्यात एक क्रूस आणि एक भिंग. आमच्या शेजारणीला बरेच दिवस ते भिंग म्हणजे त्यांच्यातला कसला तरी ताईतच वाटत होता. एकदा चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी डोळे मिटून क्रूसाचं चुंबन घ्यायला गेल्या आणि ओठाला भिंग लागलं. घरी येऊन स्वतःच हसत सांगत बसल्या, "आज देवाला मोठा करून बघितला."

बाईंचं बोलणं निराळंच. त्या आल्या आणि आमच्या घरातल्या भाज्यांची नावंच बदलली. फ्लॉवर आणला की "आज कळ्यांचा रस्सा का?" भेंडी चिरायला घेतली की "आधी एक आडवी काप, चांदणी दिसेल. त्या चांदणीच्या घरात बाळं निजलीत." मग ती भेंडी चिरताना मला उगीच हळू आवाजात बोलावंसं वाटायचं. एकदा केळफूल सोलत बसले होते. हात काळे होतात, तेल लावून बसावं लागतं, तुम्हाला माहीत असेलच. बाई समोर येऊन बसल्या आणि एकेक जांभळं पान उचलून दाखवायला लागल्या. म्हणाल्या, "घडात पहिल्या फण्या येतात ना, त्या सगळ्या बायका. त्यांचीच केळी होतात. मग खाली हे जे लोंबतं, त्यातले हे सगळे पुरुष. ह्यांना काही होत नाही. नुसते रांगेत उभे असतात. तू भाजी करतेस ती ह्यांची."

हे ओटीवर जेवायला बसले होते. त्यांचा घास हातातच राहिला. "म्हणजे बाई, मी आजवर काय खात आलो?"

"जातभाई," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी केळफुलाची भाजी पुन्हा मागितली, ते सोडा.

केळं हातात घेतलं की मात्र बाईंची थट्टा संपायची. आडवं कापून मधले काळे ठिपके भिंगातून बघायच्या. "ह्या बिया व्हायच्या होत्या," म्हणायच्या. "आता नुसती आठवण राहिलीय. केळीला बाप लागत नाही, बी लागत नाही. आईच्या पायाशी पिल्लू उगवतं, म्हणजे तीच परत उगवते. तुझ्या सासूच्या सासूनं जी केळ लावली, ती हीच. मेलीच नाही कधी." हे ऐकलं आणि त्या संध्याकाळी मी केळीच्या बनात पाणी सोडताना एकटीच नव्हते, असं मला वाटत राहिलं. पाटातून पाणी जायचा आवाज, पानांची सळसळ, आणि त्या सगळ्या जुन्या बायका माझ्याकडे बघत उभ्या.

त्यांना घड्याळ लागायचं नाही. भोपळ्याचं फूल उमललं की त्यांची सकाळ. गुलबक्षी उघडली की चहा. आणि उन्हं उतरताना मांडवावर दोडक्याची पिवळी फुलं एकेक करून उघडायला लागली की सगळं काम टाकून त्या वेलाखाली खुर्ची घेऊन बसायच्या. मलाही बसवायच्या. मी म्हणायची, "बाई, दिवेलागणीची वेळ झाली, मला कामं आहेत." तर बोट तोंडावर ठेवून म्हणायच्या, "बस गं. हेही दिवेच लागतायत." खरंच, हलता हलता एक पाकळी सुटते, मग दुसरी, आणि बघता बघता अख्ख्या मांडवावर पिवळा उजेड पडतो. चाळीस वर्षं मी दोडकी काढत होते. दोडका उमलताना कधी बघितला नव्हता.

आणि ह्या वेळी कुणी फुलाला हात लावायला गेलं की त्यांचं एकच वाक्य यायचं, अगदी खालच्या आवाजात, जसं काही आत कुणी अभ्यासाला बसलंय. "हात नको लावू. कामात आहे ते."

चर्चमध्येसुद्धा त्यांनी हाच गोंधळ घातला. सणाला वेदी सजवायला लिलीची पांढरी फुलं आणली होती. सजवणाऱ्या बायका काय करतात, फुलाच्या मधले तपकिरी तुरे नखानं खुडून टाकतात, नाही तर त्याची भुकटी वेदीच्या पांढऱ्या कापडावर पडते आणि डाग जात नाही. बाई तिथे पोचल्या, खुडलेल्या तुऱ्यांचा ढीग बघितला आणि देवासमोर मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बायांनो, सगळ्यांना खच्ची केलंत की गं!" फादर पलीकडे उभे होते. ते म्हणे एकदम खिडकीकडे तोंड करून पडदा नीट करायला लागले. त्या बायका महिनाभर बाईंशी बोलत नव्हत्या. मासळीवाली रोजची राजोडीहून यायची, तिनं हे सगळं मला सांगितलं. पाट्या उतरवून आधी म्हणाली, "पानी दे गो बाय," आणि पाणी पिऊन झाल्यावर, "तुमची मास्तरीन येडी नाय. पन तिच्यासंगं देवलात जायला नको."

आता माझ्या चाफ्याचं सांगते. खरं म्हणजे ते सांगायलाच बसलेय.

आम्हा फुलवाल्यांचं एक आहे. आम्ही फूल बघतच नाही. आम्ही कळी बघतो. मोगरा काढायचा तो कळीचा. जास्वंद काढायची ती मुक्या कळीची, बाजारात पोचेपर्यंत उमलते. चाफा पहाटे अंधारात काढायचा, पाकळी सुटायच्या आत. उमललेलं फूल म्हणजे वाया गेलेलं फूल. झाडावर उमललेलं फूल राहिलं तर शेजारीण कुंपणावरून विचारणार, "काय गो, घरात कोण आजारी आहे?" माझी सासू तर दिवेलागणीला वाडीतून एक फेरी मारायची, कुठे एखादं फूल चुकून राहिलंय का बघायला. सापडलं की आणून माझ्या पुढ्यात ठेवायची.  ते फूल मी झोपेपर्यंत तिथेच.

तो चाफा माझ्या माहेरचा. माझं माहेर निर्मळ. लग्नाच्या आदल्या दिवशी बाबांनी आमच्या विहिरीच्या कडेला उगवलेलं एक रोप मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट काढलं, केळीच्या खोडाच्या सोपट्यात बांधलं आणि माझ्या सामानात ठेवलं. म्हणाले, "भांडी फुटतात, हे टिकेल." उमेळ्याला आल्यावर पहिलं काम मी काय केलं असेल तर तो चाफा लावला. त्याच्या वासावर माझे दिवस गेले. माहेरची आठवण आली की मी कुणाला काही सांगायची नाही, जाऊन चाफ्याला टेकून उभी राहायची.

मग घराच्या वाटण्या झाल्या. मोजणीवाल्यानं दोरी धरली आणि माझा चाफा दोरीच्या पलीकडे गेला, धाकट्या दिरांच्या हिश्श्यात. भाऊजी वाईट नाहीत हो. त्यांना दोन मुलगे, दोघांची लग्नं झालेली, एक भाड्याच्या घरात राहतो. त्यांनी बिल्डिंग करायला जागा दिली. मला येऊन म्हणाले, "वहिनी, दिवाळीनंतर काम सुरू होईल. चाफा मध्येच येतो. मी तरी काय करू, सांगा." मी त्यांना चहा दिला.

पण मी रातोरात म्हातारी झाले. गुटी बांधून बघितली, म्हणजे फांदीची साल सोलायची, ओलं शेवाळ बांधायचं आणि मुळं फुटायची वाट बघायची. कुजली. निर्मळहून कलमं बांधणारा बोलावला, त्यानं काड्या नेल्या, त्या वाळल्या. म्हणाला, "काकू, झाड जून झालं. आता नाही घेणार."

बाई हे सगळं बघत होत्या. एक दिवस विहिरीच्या कठड्यावर बसून म्हणाल्या, "बी लाव की."

मी हसलेच. "बाई, चाफ्याला कुठे बी असतं? आमच्यात म्हणतात, देवानं चाफ्याला वास दिला, वंश नाही दिला."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. माझी आई म्हणायची, सासू म्हणायची. एवढी वर्षं झाली, कुणी बघितलंय चाफ्याचं बी?"

बाईंनी क्रूस आणि भिंग एकत्र मुठीत धरले. काही अवघड समजावायचं असलं की असं करायच्या. "तू ह्या झाडावर कधी फूल ठेवलंस?"

"ठेवीन कशी? सासू होती ना."

"तुझ्या आईनं ठेवलं?"

"तीही फुलवालीच."

"मग बी कुठून बघशील? तुम्ही साऱ्याजणींनी मिळून पिढ्यान् पिढ्या त्याच्या कळ्या नेल्या, आणि वर त्यालाच वांझ म्हणता." मग म्हणाल्या, "बरं, मला एवढंच सांग. तुझ्या बाबांना विहिरीपाशी हे रोप सापडलं, ते कुणी लावलं होतं?"

"कुणी नाही. आपोआप आलं होतं."

"आपोआप?"

मी विहिरीत वाकून बघितलं. दुपारची वेळ, वाऱ्याचं नाव नाही, विहिरीत कुठे तरी एक थेंब टपकला. मला एकदम आमच्या निर्मळच्या चाफ्याचा शेंडा दिसला, जिथे आईची फुलं काढायची आकडी पोचायची नाही तो. तिथलं एखादं फूल. कुणाच्याच हाताला न लागलेलं. माझा चाफा त्या सुटलेल्या फुलाचा होता.

"एक फांदी सोड माझ्यासाठी," बाई म्हणाल्या. "एवढा पावसाळाच आहे आपल्याकडे."

मी विहिरीकडची, खालची फांदी सोडली. सोपं नव्हतं. हात आपोआप जायचा. पहाटे टोपली घेऊन गेले की बाई आधीच तिथे, शाल पांघरून, छत्री बगलेत. आषाढातली झिमझिम, समोरचं माणूस धड दिसत नाही, नुसता वास. त्या वासात आम्ही दोघी म्हाताऱ्या एका कळीसमोर उभ्या.

त्यांनी मला भिंगातून दाखवलं. पाकळ्यांच्या आत मधोमध एक हिरवा दांडा असतो, त्यावर बारीक बारीक मणी लावल्यासारखे. त्याच्या बुडाशी केसरांची दाटी. "कळी सुटायच्या सुमारास हा हिरवा दांडा ओला असतो," म्हणाल्या. "तेव्हा हे फूल बाई आहे. ती वाट बघते. पण तेव्हा केसर झोपलेले. नंतर पाकळ्या ढिल्या पडतात, केसर जागे होतात, पराग सांडतात. तेव्हा ते बुवा झालं. पण तोवर बाईचं दार बंद. एकाच घरात राहून भेट नाही."

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं. ह्यांची कंपनीत रातपाळी, आणि मी पहाटे फुलांवर."

"मग तुला मुलं कशी झाली?"

"रविवारी सुट्टी असायची ना."

बाई एवढ्या हसल्या की कळीवरचं पाणी खाली पडलं. मग म्हणाल्या, "ह्यांचा रविवार म्हणजे भुंगा. एका फुलातून निघून दुसऱ्याकडे जातो. पण आता आजूबाजूला दुसरा चाफा कुठे राहिला? बिल्डिंगी झाल्या. ह्याला स्थळ आपल्यालाच बघायला हवं."

स्थळ मी सुचवलं, दुसरं कोण सुचवणार? निर्मळला माझ्या भाच्याची सोनचाफ्याची कलमांची बाग आहे. आम्ही दोघी रिक्षानं गेलो. बाईंनी बाग फिरून फिकट पिवळा, उमललेला, उतरायला आलेला एक चाफा निवडला. भाचा म्हणतोय, "आत्या, चांगली कळी देतो, हे शिळं कशाला?" बाई म्हणाल्या, "नवरा जरा पिकलेलाच बरा." ह्यांची जुनी चुन्याची डबी मी धुऊन पुसून वाळवून नेली होती. तिच्यात ते पराग झटकून घेतले. येताना रिक्षात बाईंनी डबी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. खड्डा आला की रिक्षावाल्याला म्हणायच्या, "हळू रे बाबा, नवरदेव आहे." त्यानं आरशातून आमच्या दोघींकडे बघितलं आणि गाडी खरंच हळू घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते लग्न लागलं. शेजारच्या कोंबडीचं एक मऊ पीस घेतलं होतं. बाईंनी कळीची एक पाकळी अलगद बाजूला केली, पिसानं डबीतली पिवळी धूळ उचलली आणि त्या हिरव्या दांड्यावर टेकवली, वात लावतात तशी. मग दुसरी कळी. मग तिसरी. मला काय झालं कुणास ठाऊक, मी मंगलाष्टकं पुटपुटायला लागले. बाई पीस फिरवतायत, मी सावधान म्हणतेय, वरून पाणी झिरपतंय. ओटीवरून ह्यांचा आवाज आला, "कुणाचं लग्न गं एवढ्या सकाळी?"

"तुमच्या मेव्हण्याचं!" बाई ओरडल्या.

पाकळ्या गळल्या. एरवी तिथेच सगळं संपतं असं मी समजत होते. उरला तो हिरवा दांडा, बोटाएवढा. काही दांडे काळे पडून गळाले. काही राहिले, आणि श्रावणात त्यांच्यावरचे मणी फुगायला लागले. गणपतीपर्यंत द्राक्षाच्या घोसासारखं दिसायला लागलं, हिरवट, अंगावर पांढरे ठिपके. शेजारीण कुंपणावर आली. "काय गो, फांदीला रोग पडला का?" मी म्हटलं, "पोटुशी आहे." ती वळसा घालून फाटकातून आत आली. तिनंही उभ्या जन्मात चाफ्याचं फळ बघितलं नव्हतं. तिच्याही घरी चाफाच आहे.

मग पाखरांची भीती. बुलबुल येऊन बसायला लागले. बाईंनी काय केलं, आपल्या पलंगावरची मच्छरदाणी काढली, तिची पिशवी शिवली आणि घोस झाकले. आमच्याकडे मच्छर म्हणजे काय ते मी सांगायला नको. बाई रोज सकाळी हातापायांवर गांधी घेऊन उठायच्या. हे म्हणाले, "चाफा मच्छरदाणीत आणि मास्तरीणबाई उघड्यावर. कुणी ऐकलं तर काय म्हणेल?" मी नवी आणून दिली तर तिचीही पिशवी शिवली.

नवरात्राच्या पुढे एक दिवस घोसातले मणी तडकले. आत लाल. डोळ्याला गोड लागावं असं लाल. बाईंनी ते गर राखेत चोळून काढले, आत काळ्या बिया. "ह्या वाळवून डबीत ठेवशील तर मरतील. लगेच मातीत घाल," म्हणाल्या. करवंट्यांत माती भरून घातल्या आणि ओटीच्या कडेला मांडल्या.

दिवाळी झाली. करवंट्यांत नुसती माती. मशीन आलं. भाऊजी सकाळी येऊन माझ्याजवळ बसले. मी आत चुलीपाशी बसून राहिले. तरी फांदी मोडल्याचा आवाज आलाच. आणि मग वास आला. सगळ्या घरात, कधी नव्हे एवढा वास. बाई त्या करवंट्यांसमोर पाठ फिरवून बसल्या होत्या आणि हातातल्या तांब्यानं थेंब थेंब पाणी घालत होत्या, जसं काही मागे काही चाललेलंच नाही. पाणी मातीतून वाहून खाली चाललं होतं. त्यांचं लक्ष नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, पुरे. कुजतील त्या."

त्यांनी तांब्या ठेवला. "मी तुला उगीच आशा लावली का गं?" म्हणाल्या. एवढी वर्षं शिकवलेली बाई, पण त्या वेळी एखाद्या नापास झालेल्या मुलीसारखा चेहरा. मी त्यांच्या शेजारी बसले. दोघींनी करवंट्यांकडे बघत दुपार काढली.

थंडी पडली. एका सकाळी मी केर काढत होते आणि एका करवंटीत मातीला पाठ आलेली दिसली. माती वाकून कुणाला तरी उचलत होती. मी झाडू टाकून ओरडले. बाई आल्या, जमिनीवर आडव्याच झाल्या, डोळ्याला भिंग. किती वेळ बघत होत्या. मग तशाच पडल्या पडल्या म्हणाल्या, "पण एक सांगते हं. हा तोच चाफा नव्हे. कलम झालं असतं तर तोच असता. बी म्हणजे नवीन माणूस. काय रंग घेईल, कसा वास देईल, मला नाही सांगता येणार."

मी जरा खट्टू झाले. मला तोच हवा होता.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तू तुझ्या आईसारखी आहेस का?"

"नाक तिचं आहे. बाकी बाबांवर गेले."

"मग आई तुला टाकून दुसरी आणायला गेली होती का?"

तीन रोपं जगली. एक शेजारणीला दिलं. एक भाऊजींनी स्वतःहून मागितलं, त्यांच्या बिल्डिंगीच्या फाटकाशी लावलंय. वॉचमन पाणी घालतो, आणि मुलांना त्याच्या आसपास खेळू देत नाही. एक मी विहिरीपाशी लावलं, दोरीच्या अलीकडे.

बाईंनी ते कमरेएवढं झालेलं बघितलं. फूल बघितलं नाही. एका दुपारी चहा घेऊन गेले तर खुर्चीत दोडक्याच्या मांडवाखाली बसलेल्या, मान कलती, नाक पिवळं. मला वाटलं, संध्याकाळची वाट बघतायत.

त्यांना राजोडीला, त्यांच्या गावच्या चर्चमध्ये नेलं. मी आणि हे गेलो होतो, मागच्या बाकावर बसलो. वेदीवर लिलीची फुलं होती. मी नजर लावून बघितलं. एकाही फुलातले तुरे खुडलेले नव्हते. पांढऱ्या कापडावर तपकिरी भुकटी सांडली होती, ठिकठिकाणी डाग पडले होते. सजवणाऱ्या बायका पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. कुणी उठून पुसलं नाही.

त्याला आता बरेच पावसाळे झाले. ह्या वर्षी माझ्या चाफ्याला पहिली कळी आली. नोव्हेंबरात ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस असतो, सगळे कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातात. मीही दर वर्षी जाते. त्या सकाळी सून वाडीतून धावत आली, "आई, चाफा उमललाय! पहिलं फूल आहे, बाईंसाठी न्या ना."

मी जाऊन बघितलं. आईपेक्षा फिकट रंग, निर्मळच्या बापावर गेलेला. वासही निराळा, जवळ गेलं की येत नाही, दोन पावलं मागे आलं की येतो. मला आवडला. आत मधल्या दांड्याशी एक बारीक काळा भुंगा फिरत होता, कुठून आला होता कोण जाणे. कदाचित बिल्डिंगीच्या फाटकाशी लावलेल्या त्याच्या भावाकडून. सुनेनं हात पुढे केला.

"थांब," मी म्हटलं. "हात नको लावू. कामात आहे ते."

"मग बाईंना काय नेणार?"

मी फांदी वाकवली, डोळे मिटले आणि फुलात नाक खुपसलं.

नुसत्या मेणबत्त्या घेऊनच गेले. कबरस्तानाच्या फाटकापाशी वेदी सजवणाऱ्यांपैकी एक बाई भेटली, आता तीही म्हातारी झालीय. माझ्याकडे बघून पदर पुढे करत म्हणाली, "काकू, नाकाला काहीतरी लागलंय तुमच्या. पुसू का?"

"असू दे," म्हटलं. "त्याला जिथे उतरायचं तिथे उतरेल."

तिनं पदर खाली घेतला. आणि मग हसत हसत माझा हात धरून मला कबरीपर्यंत घेऊन गेली.